आकाशदर्शन आणि आपण
(ज्ञातिसभेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सभेच्या चिटणीसांनी भाषणाचे निमंत्रण दिले, तेव्हा मी त्यांस म्हणालो, की मी विद्वान नव्हे. बँकेत चौतीस वर्षे हिशेब सांभाळलेला एक साधा मनुष्य. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही रात्री-अपरात्री गच्चीवर काय करता, तेवढेच सांगा." तेव्हा तेवढेच सांगण्यास मी उभा आहे.

मला हा छंद लावला तो हॅलेच्या धूमकेतूने. १९८६ च्या मार्च महिन्यात एका पहाटे आमच्या चाळीच्या गच्चीवर मी एकटाच चढलो. वर्तमानपत्रे वाचून मोठ्या शेपटीची अपेक्षा केली होती. दिसला तो कापसाच्या बोळ्यासारखा एक पुसट ठिपका. मी निराश झालो. परंतु शेजारच्या गच्चीवर दोघे-तिघे तरुण दुर्बीण घेऊन बसले होते, त्यांनी मला बोलावून घेतले. धूमकेतू पुढे दिसेनासा झाला, ती मैत्री मात्र टिकली. हा धूमकेतू आता २०६१ साली परत येईल. तो पाहण्याचे भाग्य आपल्या नातवंडांचे.

आपल्या प्रांतात अशा हौशी मंडळींची परंपरा चांगली आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. मुंबईत वरळीचे नेहरू तारांगण १९७७ पासून आहे, आणि हॅलेच्या त्या फेरीच्या सुमारास खगोल मंडळासारखी संस्था उभी राहिली. या संस्थांतील बहुतेक माणसे दिवसा नोकरी-व्यवसाय करणारी आणि रात्री स्वखर्चाने जागणारी असतात.

शहरात राहून तारे पाहणे म्हणजे बाजारात बसून सतार ऐकण्यासारखे आहे. निरभ्र, काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांना एका वेळी सुमारे अडीच-तीन हजार तारे दिसतात. दादर-परळच्या दिव्यांतून त्यांतील मोजकेच वाट काढून आपल्यापर्यंत येतात. म्हणून अमावास्येच्या जवळचा शनिवार गाठून आमची मंडळी संध्याकाळची कर्जत गाडी धरतात व वांगणीसारख्या ठिकाणी उतरतात. सोबत सतरंजी, स्वेटर, जेवणाचा डबा आणि लाल जिलेटिन कागद लावलेली विजेरी. डोळ्यांना काळोखाची सवय होण्यास वीस-तीस मिनिटे लागतात. पांढऱ्या प्रकाशाची एक तिरीप ती सारी कमाई घालवते, लाल प्रकाश तितका त्रास देत नाही. एखाद्या नवख्याने चुकून साधी विजेरी लावली, की चहूकडून जो ओरडा होतो, तो ऐकण्यासारखा असतो.

फेब्रुवारीतील एका रात्रीत सारा पट उलगडतो. संध्याकाळी मृग आणि व्याध डोक्यावर. मृगाच्या पोटातील बाणाच्या खाली जो धूसर तेजोमेघ दिसतो, त्यात आजही नवे तारे जन्म घेत आहेत, आणि त्याचा प्रकाश सुमारे १,३०० वर्षांपूर्वी निघालेला आहे. मध्यरात्री सिंह माथ्यावर येतो, पहाटे वृश्चिक आपली नांगी उभारतो. तीनच्या सुमारास चहा होतो. त्या काळोखात कोणाचे तोंड दिसत नाही. माणसे एकमेकांस आवाजावरून ओळखतात. वर्षभर माझ्याशेजारी सतरंजी टाकणाऱ्या गृहस्थाचे आडनाव मला वर्षानंतर कळले, आणि कळले तेव्हा त्याने काही फरक पडला नाही. हे मी ज्ञातीच्या व्यासपीठावरून मुद्दाम सांगतो.

पावसाळ्याचे चार महिने आकाश बंद. तेव्हा व्याख्याने होतात आणि आरसे घासले जातात. सहा इंची काचेची तबकडी दुसऱ्या तबकडीवर कार्बोरंडमची पूड व पाणी घालून दिवसेंदिवस घासावी लागते. अखेरीस पृष्ठभागात मिलीमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकीच चूक खपते. आमच्या दुर्बिणीचा आरसा आम्ही असाच दोन पावसाळ्यांत केला. त्याच दुर्बिणीची ही पुढची हकीकत.

ती सांगण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो. आपल्यापैकी किती जणांनी अरुंधती पाहिली आहे? लग्नात आपण ती पाहतो असे म्हणतो. मध्यंतरी एका विवाहात गुरुजींनी भर दुपारी सभागृहाच्या छताकडे बोट केले आणि वधूवरांनी पंख्याकडे पाहून मान डोलावली. एप्रिल-मेच्या लग्नसराईतच संध्याकाळी सप्तर्षी उत्तरेस उंच असतात. त्यांच्या शेपटीतील मधला तारा वसिष्ठ. त्याला अगदी खेटून जो बारीक तारा दिसतो, ती अरुंधती. दुर्बिणीतून तर वसिष्ठही एक नसून दोन तारे आहेत, हे दिसते.

अरुंधती न पाहता आपण संसार मांडतो, हे एक वेळ चालेल. परंतु मंगळ न पाहता आपण संसार मोडतो, किंबहुना मांडूच देत नाही, त्याचे काय?

माझी थोरली बहीण बी.ए., बी.एड. झालेली, शिक्षिका. तिच्या पत्रिकेत मंगळ निघाला. आमचे वडील सहा वर्षे याच ज्ञातीतील उंबरे झिजवीत होते. मुलगी पसंत, घर पसंत, आणि पत्रिका पाहिली की निरोप. सात ठिकाणांहून असे निरोप आले. त्या घरांची नावे मी घेणार नाही. त्यांनी वाईट हेतूने काही केले असे मला वाटत नाही. सातव्या निरोपानंतर ताईने वडिलांना सांगितले, "बाबा, आता पुरे." ती अविवाहित राहिली. आईवडिलांचे अखेरपर्यंत तिनेच केले.

२७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरांवर आला. इतका जवळ तो सुमारे साठ हजार वर्षांत आला नव्हता. पाऊस सरताच ऑक्टोबरमध्ये एका शाळेच्या गच्चीवर आम्ही दुर्बीण लावली; ग्रह पाहण्यास शहरातील दिव्यांची अडचण होत नाही. मी ताईला आग्रहाने घेऊन गेलो. रांगेत उभी राहून तिची पाळी आली. तिने डोळा लावला. मंगळाचा व्यास पृथ्वीच्या जवळजवळ निम्मा, तेथील दिवस आपल्या दिवसाहून जेमतेम पाऊण तासाने मोठा, त्याला दोन लहान चंद्र आहेत, असे मी मागून सांगत होतो. ती ऐकत नव्हती. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली आणि एवढेच म्हणाली, "हाच का तो? एवढासा?" आणि थोड्या वेळाने, "चांगला दिसतो रे."

मला त्या रात्री झोप आली नाही.

बंधू-भगिनींनो, २०१४ साली आपल्या देशाचे यान त्या मंगळाभोवती फिरू लागले, तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. तथापि आपल्या सभेच्या वधूवर नोंदणीच्या अर्जात 'मंगळ आहे / नाही' हा रकाना आजही छापला जातो. कोणाच्या श्रद्धेस धक्का देण्याचा माझा अधिकार नाही. ज्यास पत्रिका पाहावयाची आहे, तो ती आपल्या घरी पाहील. परंतु सभेने स्वतः होऊन तो प्रश्न प्रत्येक मुलीस विचारू नये, अशी माझी विनंती आहे. पुढील वर्षाचा अर्ज छापण्यापूर्वी कार्यकारी मंडळाने यावर विचार करावा.

दुसरी विनंती सोपी आहे. येत्या हिवाळ्यात सभेच्या कुटुंबांसाठी एक रात्र आकाशदर्शनाची ठरवावी. दुर्बीण मी आणीन. मुलांना आणा, आजी-आजोबांना आणा. आणि ज्यांच्या मुलींना कोणी कधी मंगळ सांगितला असेल, त्यांनी त्यांना अवश्य आणावे. ताई त्या रात्री चहा करणार आहे.