शिरांतील झडपा
(रात्रीच्या शाळेंत दिलेलें भाषण)



गेल्या पावसाळ्यांत आमच्या शेजारच्या गांवीं एका कोष्टीदादाची घोट्याजवळची फुगलेली शीर खिळा लागून फुटली. रक्ताची धार लागली. लोकांनीं त्याला ओट्यावर बसविलें, पाय खालीं सोडला आणि गुडघ्याच्या वर धडपा बांधला. रक्त थांबेना, उलट वाढलें. कोणी देवऋषीकडे धांवला. आम्ही पोंचल्यावर धडपा सोडला, त्याला उताणा निजविलें, पाय उंच धरविला आणि धुतलेलें फडकें जखमेवर दाबून ठेविलें. दहा-पंधरा मिनिटांत रक्त राहिलें. लोक म्हणाले, मास्तरांच्या हाताला गुण आहे. गुणबीण कांहीं नाहीं. शिरेंतलें रक्त कोणीकडे चालतें एवढेंच आम्हांस ठाऊक होतें.

काळीज धमन्यांतून रक्त अंगभर ढकलतें. पुढें केसाहून बारीक नळ्यांतून जातां जातां त्याचा जोर बहुतेक सरतो, आणि तेथून शिरांच्या वाटेनें तें काळजाकडे परत यावयाचें असतें. डोक्याकडचें उतारानें येतें. पायाचें चढावर कसें यावें? विहिरीचें पाणी मोटेवांचून वर येत नाहीं. पायाची मोट म्हणजे पोटरी. पाऊल टाकलें कीं पोटरीचें मांस आवळतें, आंतल्या शिरा पिळल्या जातात व रक्त वर सरकतें. श्वास घेतांना छातीही तें ओढते. मग तें मागें कां पडत नाहीं? लोहाराचा भाता पाहा. त्यांत चामड्याची झडप असते. आंत शिरलेला वारा त्या वाटेनें परत जात नाहीं. तशाच झडपा शिरांत जागोजाग आहेत, व त्या काळजाच्याच बाजूस उघडतात.

इटलींत पादुआ येथें फाब्रिशियस गुरुजींनीं या झडपा पाहून १६०३ सालीं त्यांवर पुस्तक छापलें. पण त्यांचा अर्थ त्यांना लागला नाहीं. कारण गेलेनचा जुना ग्रंथ सांगे कीं, रक्त यकृतांत होतें आणि पाटाच्या पाण्यासारखें अंगांत मुरून जातें. चौदाशें वर्षें ग्रंथ बोलला आणि पंडितांनीं मान डोलाविली! त्यांचाच इंग्रज शिष्य विल्यम हार्वे यानें हिशोब मांडला: अर्ध्या तासांत काळीज जेवढें रक्त फेकतें, तेवढें साऱ्या अंगांतही नाहीं, तेव्हां तेंच फिरून येत असलें पाहिजे. हें त्यानें १६२८ सालीं छापलें.

त्याचा पुरावा तुमच्या दंडावर आहे. कोपराच्या वर फडकें बेतानें बांधा. शिरा फुगतील, मधून मधून गांठी दिसतील; त्या झडपा. एका शिरेवर बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटानें रक्त खांद्याकडे गांठीपलीकडे सारा. शीर रिकामी राहील. वरून थेंब येणार नाहीं. खालचें बोट उचला, लगेच भरेल. मग फडकें सोडा.

आतां त्या कोष्टीदादाचा धडपा ध्यानांत आला कीं नाहीं? धमनी खोल, तिचें रक्त पायांत येतच होतें. परतीची वाट मात्र आपणच बांधली. तें जखमेंतून बाहेर आलें.

यंत्रमागावर, भट्टीपुढें किंवा धोब्याच्या दगडापाशीं तासन्‌तास एका जागीं उभें राहणाऱ्यांना हा त्रास अधिक. पोटरी हलत नाहीं, झडपा सैल पडतात, शिरा दोरखंडासारख्या फुगतात. तो देवीचा कोप नव्हे. फासण्या मारून घेऊं नका. कामांत मधून मधून चार पावलें चाला, टांचा उचला, रात्रीं पाय उशीवर ठेवा. आणि एकच पाय एकाएकीं सुजून दुखूं लागला, तर त्यास चोळूं नका. त्याच दिवशीं दवाखाना गांठा.