भिक्षूंची नावे

कुणा अनोळखी माणसाने आपले नाव सांगितले, की आपण लगेच पुढचा प्रश्न टाकतो, “आडनाव काय?” हा दुसरा प्रश्न कशासाठी असतो, ते तुम्हां-आम्हांला चांगले ठाऊक आहे. बौद्ध भिक्षूला मात्र सांगायला आडनावच नसते. प्रव्रज्या घेताना तो केस उतरवतो, चीवर अंगावर घेतो, आणि उपाध्याय त्याला नवे पाली नाव देतात.

एक नाव आपल्या मुलखातले पाहा. अशोकाच्या काळी अपरान्तात, म्हणजे आपल्या उत्तर कोकणात, धम्माचा उपदेश करायला एक थेर आले, असे ‘महावंस’ सांगतो. त्यांचे नाव धम्मरक्खित. धम्माने ज्याचे रक्षण केले तो. गृहस्थ होते यवन, पण नावावरून ते कळायचे नाही, म्हणून ग्रंथकाराला ‘योनक’ असे मुद्दाम लिहावे लागले! भिवंडीहून फार लांब नसलेल्या सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली सापडला, तोच हा मुलूख.

सुरुवातीला मात्र सगळेच नाव बदलत नसत. सारिपुत्त म्हणजे सारी नावाच्या बाईचा मुलगा. मोग्गल्लान हे तर गोत्राचेच नाव. उपाली हा शाक्यांचा न्हावी, तो उपालीच राहिला. शाक्य राजपुत्र त्याच्याबरोबर दीक्षा घ्यायला गेले, तेव्हा ते बुद्धांना म्हणाले, आधी याला दीक्षा द्या, म्हणजे आम्हांला याच्या पाया पडावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. नाव तेच राहिले, मान बदलला. मला स्वतःला ही गोष्ट नव्या नावांपेक्षा मोठी वाटते.

अलीकडचे उदाहरण केदारनाथ पांडे यांचे. १९३० साली श्रीलंकेत भिक्षू होताना ते राहुल झाले. राहुल हा बुद्धांचा मुलगा. पुढे ‘सांकृत्यायन’ जोडले, ते सांकृत्य गोत्रावरून. घर सुटले तरी गोत्र मागोमाग आलेच म्हणायचे! हरनामदास हे भदंत आनंद झाले. आनंद म्हणजे बुद्धांची अखेरपर्यंत सेवा करणारा शिष्य.

उपासकाला नाव बदलावे लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग लाखोंना स्वतः दिली, ती त्यांच्या आहे त्या नावांनिशी. बदल दिसला तो पुढच्या पिढीत. गुरुजी, तुमच्या हजेरीपटात सिद्धार्थ, राहुल, सुजाता, यशोधरा किती आहेत, पाहा बरे. आडनावाचा रकाना मात्र अजून तिथेच आहे.

आता ‘स्थविर’ हे नाव नव्हे, ती पायरी आहे. उपसंपदेला दहा वर्षे झाली की स्थविर, वीस झाली की महास्थविर. तुमच्या गावी भिक्षू आले तर ‘भन्ते’ म्हणून हाक मारावी, आणि त्यांचे एकमेकांना वंदन नीट पाहावे. काल उपसंपदा घेतलेला साठीचा म्हातारा, पाच वर्षांपूर्वी ती घेतलेल्या पंचविशीतल्या पोरापुढे वाकतो.