विकत घेतलेल्या वस्तूचा मालक कोण?



बाजारातून नांगर विकत आणणाऱ्या शेतकऱ्याला ‘हा नांगर आमच्याकडूनच घेतलेल्या बैलांना जुंपावा’ असे दुकानदाराने बजावले, तर सारा गाव हसेल. परंतु संगणकाच्या व्यवहारात हीच अट राजरोस चालते आणि न्यायालये तिच्यावर शिक्कामोर्तब करतात.

अमेरिकेतील अ‍ॅपल कंपनीच्या मॅक ओएस या कार्यप्रणालीच्या परवान्यात असे कलम आहे की, ती अ‍ॅपलचे नाव असलेल्या संगणकावरच चालवावी. २००६ पासून अ‍ॅपलने आपल्या यंत्रांत इंटेलचे प्रोसेसर बसवले. इतर संगणकांतही तेच होते. तेव्हा दोहोंमध्ये भिंत उरली ती एका सांकेतिक कुलुपाची आणि परवान्यातील या कलमाची. २००८ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडातील सायस्टार या छोट्या कंपनीने ही भिंत ओलांडून स्वस्त संगणक विकावयास काढले. कार्यप्रणालीच्या प्रती तिने रीतसर विकत घेतल्या होत्या. तरीही जुलैमध्ये अ‍ॅपलने दावा लावला.

नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायाधीश विल्यम ॲल्सप यांनी सायस्टारविरुद्ध निकाल दिला. एकाच मूळ प्रतीवरून अनेक यंत्रांवर नकला उतरवणे, त्यांत फेरफार करणे व कुलूप तोडणे हे दोष तिच्या माथी आले. २०११ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने निकाल कायम केला. ग्राहकाला प्रत विकली जात नाही, केवळ वापराचा परवाना मिळतो, हा त्याचा आधार होता.

सायस्टार ही काही श्रमिकांची कैवारी नव्हती. तीही नफ्यासाठीच उभी होती. परंतु निकालाचे ओझे तिच्यापुरते राहत नाही. पैसे मोजणारा ग्राहक यापुढे मालक नसून कूळ ठरतो. जमिनीवरील कुळाला कायद्याने संरक्षण मिळवावे लागले. या नव्या कुळाला ते अद्याप मिळावयाचे आहे.

शिवाय ही मालमत्ता उभी कशावर आहे? या प्रणालीचा गाभा कार्नेगी मेलन व बर्कली येथील विद्यापीठांत झालेल्या कामावर रचलेला आहे आणि त्या कामाला अमेरिकी सरकारच्या संरक्षण संशोधन निधीचे पाठबळ होते. अ‍ॅपलने हा गाभा डार्विन या नावाने खुला केला, हे मान्य केले पाहिजे. वरचा मजला मात्र बंदच राहिला. पाया समाजाच्या पैशाचा आणि दाराची किल्ली खाजगी, अशी ही रचना आहे.

संशोधनावर झालेला खर्च भरून निघावा, असे भांडवलदार म्हणतात. तो किमतीतून भरून निघू शकतो. प्रत विकल्यानंतरही तिच्या वापरावर पहारा ठेवणे ही मक्तेदारीची गरज आहे, संशोधनाची नव्हे.

यास उत्तरे दोन आहेत. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राज्य व राष्ट्रीय आयोगांना अनुचित कराराच्या अटी रद्द ठरवण्याचा अधिकार दिला आहे. ग्राहक संघटनांनी परवान्यांतील अशी कलमे त्याच्या कसोटीवर घासून पाहावीत. दुसरे, सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या शाळा व कचेऱ्यांत मुक्त सॉफ्टवेअर वापरावे. केरळच्या सरकारी शाळांनी हे करून दाखवले आहे. तेथे विद्यार्थ्याला कोणत्याही यंत्रावर शिकण्यासाठी कुणा कंपनीची परवानगी मागावी लागत नाही. महाराष्ट्रातील शाळांसाठीही हीच मागणी झाली पाहिजे.