डीजेचा हेडफोन कसा निवडावा?



लग्नसराई तोंडावर आली, की गावोगावच्या डीजेवाल्यांच्या सुपाऱ्या ठरू लागतात. हळद, वरात, बारसे, जयंती, गणपती, निमित्तांना काही तोटा नाही. एके काळी पंचक्रोशीत एखादाच लाऊडस्पीकरवाला असायचा. दोन कर्णे, एक अँप्लिफायर आणि तव्यांची पेटी एवढ्यावर त्याचे भागत असे. आज गावातले दोघे-तिघे तरुण भागीदारीत किंवा कर्ज काढून हा धंदा उभा करतात. बेस, टॉप, अँप्लिफायर, मिक्सर, जनरेटर, दिवे, प्रत्येक वस्तू दहा ठिकाणी चौकशी करून घेतली जाते. हेडफोन मात्र उरलेल्या पैशांत, शेवटच्या दुकानात, रंग पाहून घेतला जातो. खरे म्हणजे या सगळ्या सामानात वाजवणाऱ्याच्या अंगाला तासन्‌तास चिकटून राहणारी वस्तू ती एकच. तेव्हा आज तिच्याविषयी बोलू. ज्यांच्या घरात असा वाजवणारा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी, आणि ज्यांच्या वर्गातून असे वाजवणारे तयार होतात त्या शिक्षकांनीही हे ऐकावे, अशी विनंती आहे.

आधी हे पाहू, की डीजेला हेडफोन लागतो कशाला? समोर एवढा दणदणाट चाललेला असताना कानाला आणखी काही लावायचे कारण काय? तर भजनी मंडळ आठवा. एक अभंग संपून दुसरा सुरू होतो, पण टाळ थांबत नाहीत. डीजेला हेच साधायचे असते. बॉक्समधून एक गाणे लोक ऐकत असतात, त्याच वेळी पुढचे गाणे त्याला एकट्याला हेडफोनमध्ये ऐकू येते. मिक्सरवर त्यासाठी ‘क्यू’ नावाचे बटण असते. एक कान उघडा ठेवायचा, दुसऱ्या कानाला हेडफोन लावायचा, दोन्ही गाण्यांचे ठेके जुळवायचे आणि मग नवे गाणे हळूच लोकांसमोर आणायचे. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो नावाचा तरुण ‘सँक्च्युअरी’ या नृत्यगृहात हेडफोन लावून तबकड्यांचे ठेके असे जुळवीत असे. तबकड्या जाऊन संगणक आला, पण कानाचे काम तेच राहिले.

आता वजनाकडे वळू. १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या टेलिफोन चालवणाऱ्या मंडळींसाठी खांद्यावर टेकवायचे एक ऐकण्याचे साधन निघाले होते. त्याचे वजन चार-पाच किलो भरे! पुढे १९१० मध्ये यूटा राज्यातल्या नॅथॅनियल बाल्डविन यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले, आणि ते अमेरिकेच्या आरमाराने घेतले. १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी स्टिरिओ संगीत ऐकण्याचा हेडफोन आणला. तेव्हापासून बनवणाऱ्यांची खटपट एकच, की आवाज चांगला हवा आणि डोक्यावरचा भार कमी हवा. सेनहायझर या जर्मन कंपनीने १९८८ मध्ये ‘एचडी २५’ नावाचा हेडफोन काढला. वायर सोडून त्याचे वजन सुमारे १४० ग्रॅम आहे. त्याची एक वाटी मागे फिरवून कान मोकळा करता येतो, डोक्यावरची पट्टी दुभागून भार दोन जागी वाटता येतो, आणि जवळजवळ प्रत्येक भाग सुटा बदलून मिळतो. तो जगभरच्या डीजेंच्या डोक्यावर गेला, तो या गुणांमुळे. आपण तोच घ्यावा असे माझे म्हणणे नाही. पण चांगला हलका हेडफोन कसा असतो, त्याचे ते माप म्हणून ध्यानात ठेवावे. कान पूर्ण झाकणारे मोठे डीजे हेडफोन बहुधा अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅमचे असतात.

कुणी म्हणेल, शंभर-दोनशे ग्रॅमने काय होते? आमच्या आयाबहिणी दोन-दोन हंडे डोक्यावरून आणतात! अहो, पण त्या हंड्याखाली चुंबळ ठेवतात ना? चुंबळीने वजन कमी होत नाही, पण ते एका जागी टोचत नाही, सगळीकडे वाटले जाते. हेडफोनची पट्टी म्हणजे ही चुंबळ. ती रुंद आणि मऊ असेल तर वजन जाणवत नाही. अरुंद आणि कडक असेल तर दोन तासांत टाळू दुखू लागते.

दुसरी गोष्ट पकडीची. जड हेडफोन मान हलवताच घसरतो, म्हणून बनवणारा त्याची पकड घट्ट ठेवतो. घट्ट पकड कानाच्या पाळीला रगडते. बैलाचे जू वेडेवाकडे असले की खांदेसूज येते, तसाच हा प्रकार. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो, त्याच्या खांद्याची एवढी काळजी घेतो, आणि पोराच्या कानाची घेत नाही! हलक्या हेडफोनचा मोठा फायदा हाच, की तो थोड्या पकडीतही जागचा हलत नाही.

आता या सुखाचा आणि कानाच्या आरोग्याचा संबंध सांगतो, कारण माझ्या बोलण्याचा गाभा तोच आहे. टोचणारा हेडफोन माणूस नीट लावत नाही. तो अर्धवट, तिरका धरतो, खांदा आणि गाल यांच्यामध्ये दाबतो. मग वाटी कानाला नीट बसत नाही, फटीतून बाहेरचा दणका आत शिरतो, ठेका ऐकू येत नाही, आणि बोट आपोआप आवाज वाढवण्याकडे जाते. रात्रभरात असे दहा वेळा झाले, की हेडफोनचा आवाज कुठल्या कुठे जाऊन पोचतो. उलट हलका, मऊ हेडफोन कानावर बेमालूम बसतो. बाहेरचा आवाज जेवढा अडतो, तेवढा आतला आवाज कमी ठेवता येतो. म्हणून हेडफोनचा सुखकरपणा ही चैन नव्हे, ती कानाची राखण आहे.

आपल्या कानाच्या आत शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात केसांसारखे तुरे असलेल्या सुमारे १५,००० पेशी असतात. मोठ्या आवाजाच्या माऱ्याने त्या मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजते, दडे बसल्यासारखे होते, ती धोक्याची सूचना असते. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब असा : ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटे. मोठ्या बॉक्सपाशी १०० डेसिबल सहज भरतात. वरात किती तास चालते, ते आपण जाणताच! विशीतल्या मुलाची सारी कमाई ज्या कानांवर आहे, ते कान तिशीत अधू झाले तर धंदा कशावर चालायचा?

तर मग निवड कशी करावी?

पहिले, हेडफोन बंद पाठीचा घ्यावा. काही हेडफोनच्या वाट्यांना मागून जाळी असते. घरी निवांत गाणे ऐकायला ते उत्तम, पण मांडवात निरुपयोगी, कारण बाहेरचा आवाज सरळ आत येतो.

दुसरे, कानावर टेकणारा की कान झाकणारा? टेकणारा हलका असतो, वाराही लागतो, पण पाळीवर दाब येतो. झाकणारा पाळीला त्रास देत नाही, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात कान घामाने भिजतात, आणि चष्म्याच्या काडीमुळे गादीला फट पडते. चष्मा असेल, कानात डूल किंवा भिकबाळी असेल, तर ती घालूनच हेडफोन लावून पाहावा.

तिसरे, निदान एक वाटी मागे किंवा बाजूला फिरणारी हवी. ती फिरली म्हणजे एक कान मोकळा ठेवायला मान वाकडी करावी लागत नाही. मान धरण्याचे निम्मे दुखणे इथेच टळते.

चौथे, वायर एकाच बाजूने निघणारी आणि सुटी होणारी असावी. हेडफोनमध्ये सगळ्यांत आधी तुटते ती वायर. ती बदलता आली तर हेडफोन वाचतो. पिन दोन मापांची असते, साडेतीन मिलिमीटरची बारीक आणि ६.३ मिलिमीटरची जाड. दोन्ही चालतील असा जोड बरोबर आहे का, ते पाहून घ्यावे.

पाचवे, खोक्यावर ‘ओहम’चा आकडा असतो. डीजेच्या कामाला ३२ ते ७० ओहमच्या आसपासचा बरा. स्टुडिओसाठी २५० ओहमचे हेडफोन मिळतात, ते साध्या कंट्रोलरवर बारीक वाजतात.

सहावे, बिनतारी हेडफोनचा मोह टाळावा. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा उशीर होतो. मिनिटाला १२० ठेक्यांचे गाणे घ्या. त्यात दर अर्ध्या सेकंदाला एक ठेका पडतो. तिथे पाव सेकंदाला जवळ जाणारा उशीर झाला तर जुळवणी कशी व्हायची? कमी उशिराचे खास बिनतारी संच आता मिळतात, पण ते महाग, आणि त्यांची बॅटरी सांभाळावी लागते. तारेचा तो बरा.

दुकानात हेडफोन दोन मिनिटे लावून ‘छान आहे’ म्हणू नये. निदान वीस मिनिटे डोक्यावर ठेवावा. खाली वाकावे, मान डोलवावी, एक वाटी फिरवून पाहावी. आपल्या ओळखीचे ढोलकीचे गाणे ऐकावे, आणि दुकानात दुसरीकडे गाणे चालू असताना ऐकावे. आवाज निम्म्यावर ठेवूनही ठेका स्वच्छ कळला, तर तो आपल्या कामाचा. गाद्या सुट्या मिळतात का, हे विचारायला विसरू नये. नकली चामड्याच्या गाद्या घामाने सोलवटतात. तेवढ्या बदलल्या की जुना हेडफोन नव्यासारखा बसतो. नव्या हेडफोनची पकड थोडी जास्त वाटली, तर डोक्याच्या रुंदीएवढ्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर तो रात्रभर चढवून ठेवावा. पकड जराशी सैल होते. मात्र हाताने ओढून वाकवू नये. काम संपल्यावर गाद्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात, आणि दुसऱ्याचा घामट हेडफोन आपल्या कानाला लावू नये.

शिक्षक बंधु-भगिनींना एक सुचवतो. या विषयात विज्ञानाचा आणि गणिताचा चांगला पाठ आहे. दोन-तीन हेडफोन वर्गात आणावेत, वायर हाताने वर धरून वजनकाट्यावर तोलावेत. मग तेच मुलांच्या डोक्यावर पंधरा-पंधरा मिनिटे ठेवून कोणता कुठे दाबतो, ते लिहून घ्यावे. काट्यावर जड असलेला डोक्याला हलका वाटला, तर का वाटला, हे मुलांनाच शोधू द्यावे. त्यांना चुंबळ आठवली तर पाठ साधला म्हणायचा! तीन-तीन डेसिबलला वेळ निम्मी होण्याचे कोष्टक फळ्यावर मांडावे, आणि १०६ डेसिबलला किती वेळ उरतो, ते मुलांकडून काढून घ्यावे. चार मिनिटांहूनही कमी वेळ येईल. हे उत्तर मुले स्वतः काढतील, तर ते उपदेशापेक्षा जास्त लक्षात राहील.

शेवटी वाजवणाऱ्या तरुणांना एवढेच सांगायचे आहे. उत्तम हेडफोन घेतला तरी तो सतत कानाला लावून ठेवू नका. ठेका जुळवण्यापुरता लावा, जुळला की काढून गळ्यात घाला. बॉक्सच्या तोंडापाशी उभे राहू नका, मागे किंवा बाजूला जागा घ्या. मधूनमधून दहा मिनिटे शांत जागी जाऊन बसा. बॉक्सचा पडदा फाटला तर तो शहरात जाऊन बदलून आणता येतो. कानाच्या त्या पेशी मात्र कुठल्याच बाजारात मिळत नाहीत. तेव्हा सामानाच्या यादीत हेडफोनचे नाव शेवटी असेल, तर या लग्नसराईच्या आधी ते वर घ्या.