तेहतिसाव्या वर्षी परिचारिका

(गणेशोत्सवातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. आपल्यातली बहुतेक मंडळी मला बहुबाजारच्या गलाई दुकानातली सून म्हणून ओळखतात, आणि अलीकडे 'दवाखान्यातल्या ताई' म्हणून. समितीने चार शब्द बोलायला सांगितले, त्याला कारण आहे. गेल्या वर्षभरात आपल्यातल्या तिघीजणी माझ्याकडे येऊन गेल्या. एक बी.कॉम. होऊन दुकानाचे हिशेब पाहते, एक शाळेत शिकवते, एकीच्या पदरी दोन मुले आहेत. तिघींचा प्रश्न एकच होता : "ताई, आता या वयात नर्सिंगला जाता येईल का?" तिघींना वेगवेगळे सांगण्यापेक्षा सर्वांसमोर एकदाच सांगावे, म्हणून आज उभी आहे.

माझी हकीकत थोडक्यात सांगते. मी कला शाखेची बी.ए. लग्नानंतर इथे आले आणि नऊ वर्षे दुकानाचा रोजमेळ आणि खतावणी लिहिली. या काळात सासूबाईंना पक्षाघात झाला आणि त्या तीन वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. सुरुवातीला घरी एक सिस्टर येत. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, पाठ आणि टाचा रोज का पाहायच्या, घास कसा भरवायचा म्हणजे ठसका लागणार नाही, हे त्यांनी मला शिकवले. मी दुकानाच्या सवयीने एक वही घातली. किती पाणी पोटात गेले, लघवी किती झाली, रक्तदाब किती, कोणती गोळी किती वाजता, सगळे जमा-नावे. तीन वर्षांत सासूबाईंच्या पाठीला एकही जखम झाली नाही. त्या गेल्यावर डॉक्टरांनी ती वही चाळली आणि म्हणाले, "हे काम तुम्ही शिकून का करत नाही?"

२०१० साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, मी अर्ज भरला. घरात वादळ झाले. आपल्याकडे नर्स आणि आया यांत फरक करणारे त्या वेळी थोडेच होते. मामंजी म्हणाले, "दुकानात काय कमी आहे, म्हणून सून परक्यांची भांडी उचलणार?" त्यांचा राग मला समजत होता. गावाकडे लोक काय म्हणतील, ही भीती त्यामागे होती. मी वाद घातला नाही. एवढेच म्हटले, "मामंजी, सासूबाईंचे भांडे तीन वर्षे मीच उचलले. तेव्हा ते हलके काम नव्हते." ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "फीचे पैसे दुकानातून घे, पण वहीत तुझ्या नावे लिही." मी लिहिले, आणि पगार सुरू झाल्यावर पै न पै फेडली.

आता कामाचे बोलू. आपल्यातल्या पदवीधर मुलींचा एक समज असतो की, आधीची पदवी आहे तर नर्सिंगमध्ये मधल्या पायरीवर प्रवेश मिळेल. परदेशात असे आहे. अमेरिकेत दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांना साधारण १२ ते १८ महिन्यांत नर्सिंगची पदवी देणारे अभ्यासक्रम आहेत, काही विद्यापीठांत थेट पदव्युत्तर प्रवेशही आहे. इंग्लंडमध्ये दोन वर्षांची एम.एस्सी. आहे, ऑस्ट्रेलियातही तसेच. पण तिथली चढाओढ मोठी. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र हे विषय आधी चांगल्या गुणांनी पूर्ण केलेले लागतात. शिफारसपत्रे लागतात, रुग्णसेवेचा थोडाफार अनुभव पाहतात, आणि अमेरिकेत शेवटी एनक्लेक्स ही परवाना परीक्षा असतेच. आपल्या कोणाची मुलगी तिकडे नोकरीला किंवा सासरी असेल, तर तिने हा रस्ता जरूर पाहावा.

आपल्या देशात मात्र हा जवळचा रस्ता नाही. एम.एस्सी. नर्सिंगला आधी नर्सिंगचीच पदवी आणि वर्षभराचा अनुभव लागतो. म्हणजे तुम्ही एम.ए. असा की एम.कॉम., सुरुवात पहिल्या पायरीवरून. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, आणि त्याला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवेच. माझ्यासारख्या कला शाखेच्या बाईला ते दार बंद होते. पण जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, म्हणजे जीएनएम, याला बारावी कोणत्याही शाखेची चालते, इंग्रजी मात्र हवे. माझ्या वेळी तो साडेतीन वर्षांचा होता, आता तीन वर्षांचा आहे. जीएनएम होऊन नोंदणी झाली की, पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. म्हणजे वळसा आहे, पण वाट आहे.

वयाचे नीट ऐका. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात जीएनएमसाठी किमान १७ आणि कमाल ३५ वर्षे आहेत. ज्या बहिणी चौतिशीत आहेत, त्यांनी 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणू नये. बंगालमध्ये बी.एस्सी.साठी जेनपास ही प्रवेश परीक्षा आणि एएनएम-जीएनएमसाठी वेगळी परीक्षा आहे. दोन्ही राज्य संयुक्त प्रवेश परीक्षा मंडळ घेते. महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्ष घेतो. नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, रहिवासी दाखल्याची अट पाहा. आणि पैसे भरण्यापूर्वी ती शाळा कौन्सिलच्या आणि राज्य नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. मान्यता नसलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र म्हणजे मुलामा दिलेले पितळ. नोंदणीच्या वेळी टंच निघतो आणि मग रडून उपयोग नसतो.

आता मुलाखत आणि अर्ज. 'मला सेवेची आवड आहे' हे वाक्य प्रत्येक अर्जात असते. ते खरे असले तरी त्याने तुमची ओळख पटत नाही. मुलाखतीत मला विचारले, "निम्म्या वयाच्या मुलींबरोबर वसतिगृहात राहाल? त्यांच्यासमोर बोलणी खाल?" मी सासूबाईंची वही पुढे ठेवली आणि म्हटले, "हे तीन वर्षांचे काम आहे. यात एकही दिवस कोरा नाही. बाकीचे मला शिकायचे आहे." बाईंनी पाने उलटली आणि पुढचे प्रश्न वहीवरच विचारले.

मला आज मुख्यतः हेच सांगायचे आहे. उशिरा येणारी बाई रिकाम्या हाताने येत नाही. शिक्षिकेला एकच गोष्ट दहा वेळा न रागावता सांगता येते, मधुमेहाच्या रुग्णाला इन्शुलिन घ्यायला शिकवताना तेच लागते. दुकानात बसणारीला माणसाचा चेहरा वाचता येतो. हिशेब लिहिणारी औषधाची मात्रा दोनदा तपासल्याशिवाय पुढे जात नाही. अर्जात आपली ही पुंजी मांडा. केलेले काम, किती काळ केले, त्यातून काय शिकलो, असे साधे लिहा.

आणि आपण काही पहिल्या नाही. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केले आणि तिथल्या बायकांना, विधवांनाही, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. त्या काळी लोकांनी काय बोल लावले असतील, याची कल्पना करा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल घरच्यांचा विरोध सोसून जर्मनीतील कैसरवर्थला शिकायला राहिल्या, तेव्हा ३१ वर्षांच्या होत्या. त्यांचा दिवा सर्वांना ठाऊक आहे, पण त्या आकड्यांच्याही पक्क्या होत्या. सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मरतात, हे त्यांनी हिशेब मांडून सरकारला पटवले. आणि आपल्या या शहरातले उदाहरण तर मदर तेरेसांचे. एंटालीच्या शाळेत वर्षानुवर्षे शिकवून, मुख्याध्यापिका होऊन, १९४८ मध्ये वयाच्या अडतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्या बाहेर पडल्या. वस्तीत जाण्यापूर्वी त्या पाटण्याच्या होली फॅमिली रुग्णालयात गेल्या आणि शुश्रूषेचे प्राथमिक शिक्षण घेतले. नुसती माया पुरत नाही, हात शिकलेला लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

गोड गोडच सांगून मी बसणार नाही. रात्रपाळीने शरीर थकते. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. जाऊबाईंनी त्याला सांभाळले नसते तर माझे शिक्षण झाले नसते. तेव्हा घरातल्या एका तरी माणसाचा होकार आधी मिळवा. मे २०२० मध्ये कोरोनाच्या काळात मणिपूर, ओडिशा आणि इतर राज्यांतल्या ३०० हून अधिक परिचारिका कोलकात्याची खासगी रुग्णालये सोडून गावी परतल्या. त्यांना दोष देता येणार नाही, भीती सर्वांनाच होती. आम्ही मागे राहिलेल्यांनी दुप्पट खाटा सांभाळल्या. मी कित्येक आठवडे दुकानाच्या वरच्या खोलीत एकटी राहिले, डबा दाराशी ठेवला जाई. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयात कामावर असलेल्या तरुण डॉक्टर मुलीची हत्या झाली, तेव्हापासून आईबाप सुरक्षिततेचे विचारतात. ते विचारलेच पाहिजे. रात्रपाळीनंतर गाडी मिळते का, विश्रांतीच्या खोलीला कडी आहे का, पहारा असतो का, हे नोकरी घेताना मोकळेपणाने विचारा. तो आपला हक्क आहे.

एक शेवटचे, पुरुष मंडळींसाठी. गलाईच्या भट्टीवर आता सगळ्याच मुलांचे पोट भरेल असे नाही, हे आपण सारे जाणतो. नर्सिंगला मुलांनाही प्रवेश असतो. आणि मुलगी किंवा सून म्हणाली की मला हे शिकायचे आहे, तर 'लोक काय म्हणतील' याआधी 'वयाची अट किती आहे' हे विचारा. आमचे मामंजी शेवटच्या आजारात माझ्याच वॉर्डात होते. आल्या-गेल्याला सांगत, "ही आमची सून. इथली सिस्टर आहे." दुकानाच्या वहीतले माझे खाते त्यांनी स्वतःच्या हाताने 'पूर्ण जमा' लिहून बंद केले होते.

ज्या बहिणींना अर्ज भरायचा आहे, त्यांनी उत्सवाच्या उरलेल्या दिवसांत आरतीनंतर मला भेटावे. बारावीची गुणपत्रिका आणि जन्मदाखला सोबत आणा, आपण एकत्र बसून भरू. 

गणपती बाप्पा मोरया!