हरलेल्यांनी पाठ केलेलं समालोचन
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला बजावलं आहे, "दहा मिनिटं बोल, पण पगार, मुलं आणि गुडघे सोडून." म्हणून विषय घेतला फुटबॉल, आणि तोही नॉर्वे विरुद्ध इंग्लंड. क्रिकेट सोडून हे कुठलं काढलं, असं वाटेल. पण मला शेवटी आपल्या शाळेच्या नळापाशी यायचं आहे, तेवढा धीर धरा.

९ सप्टेंबर १९८१. आपला निकाल लागून जेमतेम तीन महिने झाले होते. त्या दिवशी ऑस्लोच्या उल्लेवाल मैदानावर विश्वचषकाच्या पात्रता फेरीत नॉर्वेनं इंग्लंडला २-१ असं हरवलं. पहिला गोल इंग्लंडच्या ब्रायन रॉब्सनचा. मग मध्यंतराआधीच आल्बर्टसन आणि टोरेसन यांनी दोन गोल फेडले. त्या वेळी नॉर्वेची लोकसंख्या होती चाळीस लाखांच्या आसपास, आणि समोर फुटबॉलला नियम देणारा देश.

शिट्टी वाजली आणि रेडिओवरचे समालोचक ब्योर्गे लिलेलियन यांचं भान सुटलं. इंग्लंड म्हणजे महापुरुषांची जन्मभूमी, असं म्हणून त्यांनी हजेरीच घ्यायला सुरुवात केली. आधी नेल्सन, मग वृत्तपत्रमालक बीव्हरब्रुक, चर्चिल, ईडन, ॲटली, मुष्टियोद्धा हेन्री कूपर आणि नुकतंच लग्न झालेली डायना. या सगळ्यांना आम्ही हरवलं! मग नॉर्वेजियन सोडून ते इंग्रजीवर आले आणि पंतप्रधान मॅगी थॅचरना हाका मारू लागले, ऐकताय का, तुमच्या पोरांना जबरदस्त मार पडला आहे! हे "तुमच्या भाषेत" सांगताना त्यांनी दाखला दिला तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनजवळच्या बारचा. लंडन राहिलं बाजूला. आनंदात भूगोल एवढा चुकणारच. आपल्या भूगोलाच्या बाईंनी मात्र गुण कापले असते.

गंमत अशी, की या विजयानं नॉर्वेला काहीच मिळालं नाही. गटात ते शेवटचे राहिले आणि हरलेलं इंग्लंड १९८२ला स्पेनला विश्वचषक खेळायला गेलं. आदल्याच वर्षी वेम्बलीवर इंग्लंडनं नॉर्वेला ४-० असं धुतलं होतं. त्या विजयाचं एक वाक्य आज कुणाच्या तोंडी नाही. लिलेलियन यांचं समालोचन मात्र इंग्रजांना पाठ आहे. त्याच्या नकला होतात, विडंबनं होतात, आणि ती हौसेनं करतात हरलेले लोक.

हे मला १९९३ साली कळलं. मी तेव्हा नोकरीनिमित्त स्टाव्हांगरला होतो. उत्तर समुद्रातल्या तेलाच्या धंद्यामुळे तिथे इंग्रज पुष्कळ. आमच्या विभागात एक यॉर्कशायरचा होता, एक नॉर्वेजियन आणि मध्ये मी. २ जूनला पुन्हा ऑस्लोतच सामना झाला. आधीच्या ऑक्टोबरात वेम्बलीवर रेक्दालनं लांबून मारलेल्या गोलमुळे १-१ अशी बरोबरी झालेली. या वेळी लेओनार्डसन आणि बोहिनेन यांनी गोल केले आणि इंग्लंड २-०नं हरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नॉर्वेजियन सहकारी काही बोलायच्या आत इंग्रजानंच दारातून आरोळी ठोकली, "मॅगी थॅचर, ऐकताय का?" त्या तेव्हा पंतप्रधानही नव्हत्या.

मग जेवणाच्या सुट्टीत इतिहास निघाला. इंग्रज म्हणाला, "१०६६ आठवतं का? तुमचा राजा हाराल्ड हार्डरोडे आमच्या यॉर्कशायरमध्ये स्टॅमफर्ड ब्रिजला आला होता. आलात तीनशे जहाजांतून, परत गेलात चोवीस घेऊन." हा आकडा इंग्रजांच्या जुन्या बखरीतला आहे. नॉर्वेजियन सावकाश पाव चावत म्हणाला, "आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत हेस्टिंग्जला तुम्ही कुणाकडून हरलात? नॉर्मनांकडून. म्हणजे आमच्याच भाऊबंदांकडून." आपले इतिहासाचे सर तिथे असते तर दोघांनाही बाकावर उभं करून सनावळ्या म्हणून घेतल्या असत्या.

मी विचारलं, यादीत पहिलं नाव नेल्सनचंच का? नॉर्वेजियन क्षणभर गप्प झाला. नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राज्यात होता. १८०१ साली नेल्सननं कोपनहेगनपुढे ज्या आरमारावर तोफा डागल्या, त्यात नॉर्वेचे खलाशीही होते. १८०७नंतर ब्रिटिशांनी नाकेबंदी केली, धान्याची जहाजं अडवली आणि नॉर्वेत उपासमार झाली. इब्सेनची 'तेर्ये वीगेन' ही दीर्घ कविता त्याच काळावर आहे. आणि यादीतला चर्चिल? १९४०मध्ये जर्मनांनी देश घेतला तेव्हा नॉर्वेचा राजा हाकोन लंडनमध्येच आश्रयाला होता. त्या उपकाराची आठवण म्हणून १९४७पासून दर नाताळला ऑस्लो शहर लंडनला एक उंच झाड भेट पाठवतं. ते उभं राहतं ट्राफल्गार चौकात, नेल्सनच्याच खांबाखाली.

म्हणजे ती हजेरी अगदीच वेड्याची नव्हती. पिढ्यानपिढ्यांचा हिशेब होता. शिवाय ही मंडळी एकमेकांना घरच्यासारखी ओळखतात. नॉर्वेच्या दूरदर्शनवर १९६९पासून दर शनिवारी इंग्लिश फुटबॉलचा सामना थेट दाखवत. हिवाळ्यात स्वतःची मैदानं बर्फाखाली, म्हणून तिथली पोरं इंग्लिश क्लबांवर जीव टाकत वाढली. आमचा हा नॉर्वेजियन जन्माचा लिव्हरपूलभक्त होता.

पण चेष्टेचा दुसरा प्रकारही मी तिथेच पाहिला. इंग्लंडचे प्रशिक्षक होते ग्रॅहम टेलर. १९९२मध्ये स्वीडनकडून हरल्यावर इंग्लंडच्याच एका खपाच्या वृत्तपत्रानं त्यांचं डोकं शलगमाचं करून छापलं. ते चित्र त्यांना जन्मभर चिकटलं. लिलेलियन यांनी थॅचरबाईंना हाक मारली, ती चाळीस लाखांच्या देशातून वर बघून मारलेली. हे शलगम वरून खाली फेकलेलं, एकट्या माणसावर, त्याच्या घरच्यांकडून. आमचा यॉर्कशायरवाला लिलेलियनची नक्कल दहादा करायचा, पण त्या चित्राचं नाव काढलं की त्याचा चेहरा उतरायचा.

आता नळापाशी येतो. आठवीत आपल्या वर्गात वाडीवरून चालत येणारा एक मुलगा होता. एकदा धडा वाचताना तो 'पाणी'ला 'पानी' म्हणाला. त्यानंतर सबंध वर्ष, तो मधल्या सुट्टीत नळावर आला की आपण दहाबारा जण ओरडायचो, "पानी! पानी!" सुरुवात मी केली होती. त्यानं वर्गात मोठ्यानं वाचणं सोडलं. बाईंनी कारण विचारलं तेव्हा आपण सगळे गप्प बसलो, आणि तोही.

तो आज इथे आहे. कुठे बसला आहे, ते सांगत नाही. सकाळी चहाच्या टेबलाशी भेटला. मी मनात शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्यानंच विचारलं, "काय रे नॉर्वेकर, तिकडे पानी तरी बरं होतं का?" भोवतीचे सगळे हसले, तोही हसला. मी नुसतं "हो" म्हटलं, आणि तेवढ्यात त्याला कुणीतरी फोटोला ओढून नेलं. मला जे म्हणायचं होतं ते राहूनच गेलं.

तेव्हा आभारप्रदर्शन करणाऱ्यांना विनंती, जरा आवरतं घ्या. मला जेवणाआधी त्याला गाठायचं आहे.