घरच्या मैलावाहिनीची दुखणी आणि त्यांवरील उपाय
(भाषणाचा मजकूर)



डिसेंबर 1924 मध्ये बेळगावच्या टिळकवाडीत महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. पाण्यासाठी त्या वेळी खोदलेली विहीर आजही तेथे आहे. अधिवेशनातील सफाईची जबाबदारी काकासाहेब कालेलकरांकडे होती. पिण्याचे पाणी आणि मैल्याची विल्हेवाट या दोन्ही व्यवस्था बरोबरीनेच पाहाव्या लागतात, हा धडा या भागाला तेव्हापासून ठाऊक आहे. आता घरोघरी शौचालये झाली आणि मैला जमिनीखालून वाहू लागला. परंतु जे डोळ्यांआड झाले ते नाहीसे झाले, असे मात्र नव्हे.

या भागातील जमीन एकसारखी नाही. निपाणीकडील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. त्या हालचालीने जमिनीतील नळ्यांचे सांधे सुटतात. बेळगावच्या पश्चिमेस व खानापूरकडे तांबडी माती आणि भरपूर पाऊस. तेथे पावसाळ्यात भूजल वर येते व शोषखड्डा पाणी घेईनासा होतो. म्हणून दुखणे वरून एकच दिसले, तरी त्याचे कारण जमिनीप्रमाणे निराळे असू शकते.

मैलावाहिनी एकाएकी तुंबते असे क्वचितच घडते. आधी ती सूचना देते. शौचकूपातील पाणी सावकाश उतरते, पाणी ओतताच न्हाणीच्या जाळीतून बुडबुडे येतात, दुर्गंधी सुटते, परसातील एखादाच पट्टा सदैव ओला राहतो आणि तेथे गवत अधिक हिरवे दिसते. फक्त मोरीचेच पाणी अडत असेल, तर दोष मोरीच्या नळीत समजावा. मोरी, न्हाणी व शौचकूप ही सर्वच एकदम संथ झाली, तर दोष मुख्य वाहिनीत किंवा टाकीत असतो.

अडथळ्याची जागा शोधण्यासाठी सर्व जमीन उकरण्याची गरज नाही. घरापासून टाकीकडे जात क्रमाने प्रत्येक चेंबरचे झाकण उघडावे. भरलेले चेंबर आणि त्यापुढचे रिकामे चेंबर यांच्या मधल्या नळीत अडथळा असतो. घराजवळचे पहिलेच चेंबर रिकामे असेल, तर तो घर आणि चेंबर यांच्या मध्ये असतो. सर्वच चेंबरे भरलेली असतील, तर टाकी वा शोषखड्डा तपासावा. केवळ पावसाळ्यातच हा त्रास होत असेल, तर पन्हाळीचे पाणी मैलावाहिनीत सोडलेले नाही ना, हे आधी पाहावे.

नळी फुटल्याचा संशय असल्यास तिचे खालचे तोंड गोणपाटाच्या बोळ्याने घट्ट बंद करावे, वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरावे व पातळीवर खूण करावी. अर्ध्या तासात पाणी खूण सोडून खाली गेले, तर गळती आहे.

अडथळा काढताना कळकाची लवचिक कामटी किंवा लोखंडी स्प्रिंग चेंबरमधून सारावी. तेजाब ओतू नये. त्याने हात भाजतात, आणि टाकीत मैला कुजविणारे जिवाणूही मरतात. फुटलेला तुकडा काढून नवी नळी बसविताना 110 मिलिमीटरच्या नळीला दर मीटरमागे सुमारे अडीच सेंटिमीटर उतार द्यावा. काळ्या मातीत नळीखाली व भोवती वाळू किंवा मुरूम भरावा. सांधा हलत नाही. प्रत्येक वळणावर चेंबर ठेवावे. झाडे वाहिनीपासून दूर लावावीत, कारण मुळे सांध्यातून आत शिरतात.

गळती म्हणजे केवळ दुर्गंधी नव्हे. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान 18 मीटर दूर असावा. भेगाळ जमिनीत याहूनही दूर. हगवण, कावीळ आणि विषमज्वर हे रोग या मार्गाने विहिरीत उतरतात. गळती आढळल्यास दुरुस्ती होईपर्यंत जवळच्या विहिरीचे पाणी उकळूनच प्यावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टाकी तुंबली म्हणून माणूस आत उतरवू नये. टाकीतील विषारी वायू क्षणात शुद्ध हरपवितो. त्याचा वास सुरुवातीस येतो, पण वायू वाढला की नाकास तो कळेनासा होतो. पडलेल्यास वाचविण्यासाठी उतरलेला दुसराही पडतो. झाकण उघडताना जवळ विडी किंवा काडी पेटवू नये, कारण आतील वायू पेट घेतो. 2013 च्या कायद्याने माणसाकडून अशी धोक्याची सफाई करवून घेण्यास बंदी केली आहे, आणि करवून घेणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे. अशा मृत्यूबद्दल 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये दिला. परंतु कोणत्याही रकमेने गेलेला माणूस परत येत नाही. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसायंत्राच्या गाडीकडून रिकामी करवून घ्यावी.

शिक्षकांनी मुलांना ही लक्षणे ओळखावयास शिकवावीत. ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वी विहिरींजवळच्या शोषखड्ड्यांची पाहणी करावी. गृहस्थाने नवी वाहिनी पुरताना तिचा नकाशा कागदावर काढून घरात जपून ठेवावा. पुढे कधी ती तुंबली, तर कुदळ कोठे मारावयाची हे तो कागदच सांगेल.